बांधाखालची बफेलो

इंग्लंडच्या लिंकनशायरमधलं क्रोलंड हे गाव सखल, नदीकाठच्या मुलखात वसलेलं. तिथे २०२१ च्या एप्रिलमध्ये सुमारे नऊ मीटर खोल खणल्यावर दुसऱ्या महायुद्धातली एक बफेलो गाडी हाती लागली. जमिनीवर साखळीपट्ट्यांवर चालणारी आणि पाण्यात तरंगणारी. युद्धसामग्रीचं मला एरवी फारसं आकर्षण नाही. पण या गाडीचा जन्म आणि शेवट वाचला आणि ती डोक्यातून जाईना.

तिचा मूळ आराखडा डोनाल्ड रोबलिंग यांचा. ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हे त्यांचे आजोबा. फ्लोरिडात चक्रीवादळानंतर दलदलीत माणसं अडकत. तिथे ना होडी पोहोचे, ना मोटार. त्यांच्या सुटकेसाठी डोनाल्डनी १९३५ मध्ये ‘ॲलिगेटर’ बांधली. १९३७ मध्ये ‘लाइफ’ मासिकात ती झळकली, अमेरिकेच्या मरीन दलाच्या नजरेत भरली आणि युद्धावर गेली.

मी रेंगाळलो तो तिच्या पट्ट्यांपाशी. त्याच काळातल्या ‘डक’ या गाडीला पाण्यासाठी वेगळा पंखा होता, बफेलोला नाही. तिच्या पट्ट्यांवर इंग्रजी डब्ल्यूच्या आकाराचे पोलादी पंजे आहेत. चिखलात ते पकड घेतात आणि पाण्यात तेच वल्ह्यांसारखे पाणी मागे रेटतात. गाडी किनाऱ्याला लागली तरी चालकाला काही बदलावं लागत नाही. पुढच्या आवृत्तीत इंजिन पुढे सरकवून मागे उतरता दरवाजा दिला, त्यामुळे जीपही आत चढू लागली. मार्च १९४५ मध्ये याच गाड्यांतून ब्रिटिश सैनिकांनी ऱ्हाइन नदी ओलांडली.

दोन वर्षांनी, मार्च १९४७ मध्ये, कडाक्याच्या हिवाळ्यातला बर्फ वितळला, वर पाऊस कोसळला आणि क्रोलंडजवळ वेलंड नदीचा बांध फुटला. खिंडार बुजवायला लष्कराने १६ बफेलो आणल्या. त्यांतल्या पाच प्रवाहाने ओढून नेल्या; २०२१ मध्ये सापडली ती त्यांतलीच एक.

असं धूड वर काढणं म्हणजे आधी पाण्याशीच झगडा. खड्डा खोल जाईल तसं भूजल आत येतं, ते सतत उपसावं लागतं, कडा ढासळतात. पोटात गाळ भरल्याने वजन वाढलेलं असतं आणि तळाचा चिखल गाडीला धरून ठेवतो. घाईने ओढली तर जुना पत्रा फाटतो. क्रोलंडच्या स्थानिकांनी हे सगळं निभावलं. खरी चिंता त्यानंतरची. गाळात हवा पोचत नाही म्हणून लोखंड इतकी वर्षं तगलं. उघड्यावर येताच गंज नव्या जोमाने धरतो. साफसफाई, सुटे भाग, छप्पर यांना वर्षं आणि पैसा लागतो, आणि उत्साह बहुधा गाडी बाहेर येण्याच्या दिवशीच संपतो.

म्हणून अशा गाड्या जपणाऱ्यांना एवढंच सांगणं: छपराची सोय आधी करा, खोदकाम नंतर. आणि बफेलोच्या पाटीवर ऱ्हाइनच्या आधी क्रोलंडचा पूर लिहा. तिच्या पूर्वजाची घडण माणसं वाचवण्यासाठीच झाली होती.