बर्फावाचून स्कीच्या काठ्या

फिनलंडमध्ये हिवाळा दीर्घ असतो, आणि पायांना स्की बांधून बर्फावरून मैलोन्‌मैल सरकत जाणे हा तेथील लोकांचा जुना छंद आहे. या खेळात हातांनाही पायांइतकेच काम असते. दोन्ही हातांतील काठ्या बर्फात रोवून शरीर पुढे ढकलावे लागते. उन्हाळ्यात बर्फ वितळला की खेळाडूंची पंचाईत होई. धावून पाय तयार ठेवता येत, पण दंड आणि खांदे यांचे काय? म्हणून ते त्याच काठ्या घेऊन रानवाटांनी चालत आणि टेकड्या चढत. पुढे सामान्य माणसांनीही हा सराव उचलला. १९९७ साली केवळ चालण्यासाठी घडवलेल्या आखूड काठ्या बाजारात आल्या आणि ‘नॉर्डिक वॉकिंग’ हे नाव जगभर पसरले.

या खेळाशी आपला संबंध काय, असे आपणास वाटेल. संबंध आहे तो आपल्या घरातील एका जुन्या वादाशी. मुले म्हणतात, ‘बाबा, काठी घ्या’. बाबा म्हणतात, ‘मी अजून म्हातारा झालेलो नाही.’ एक काठी ही वार्धक्याची कबुली वाटते. तिच्यावर भार टाकताना शरीरही एका बाजूस कलते. दोन काठ्या घेतलेला मनुष्य मात्र व्यायामाला निघालेला दिसतो, आणि पाठ ताठ ठेवूनच चालतो. मानी माणसासाठी हा फरक लहान नव्हे.

शरीराच्या दृष्टीनेही लाभ आहे. साध्या चालण्यात हात नुसते हलतात. येथे दंड, खांदे, छाती व पाठ यांना काम मिळते. त्याच वेगाने चालूनही शक्ती अधिक खर्च होते, नाडी थोडी जलद होते. पार्किन्सनच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासांत चाल सुधारल्याचे आढळले आहे. गुडघ्यांवरील भार पुष्कळ उतरतो, असे विक्रेते आवर्जून सांगतात. सपाट रस्त्यापुरता त्या दाव्याला संशोधनाचा भक्कम आधार नाही; उतारावर मात्र काठ्यांनी गुडघ्यांना खरोखर दिलासा मिळतो.

काठीची लांबी उंचीवरून ठरते. उंचीच्या सेंटीमीटरना ०.६८ ने गुणावे. १६० सेंटीमीटर उंचीच्या व्यक्तीस सुमारे १०९ सेंटीमीटरची काठी लागेल. नवख्याने किंचित आखूड घेतली तरी चालेल. बर्फावरच्या मूळ काठ्या याहून बऱ्याच लांब असतात, तेव्हा परदेशातून कोणी त्या आणून दिल्या तर उपयोगाच्या नाहीत.

शिकण्याची युक्ती सोपी आहे. पहिल्या दिवशी काठ्या रोवूच नयेत. पट्टे मनगटात अडकवून, मुठी सैल सोडून, काठ्या मागे फरफटत नेहमीसारखे चालावे. उजव्या पायाबरोबर डावा हात आपोआप पुढे येतो. ती लय जमली की काठीचे टोक मागे तिरके टेकवून जमीन मागे ढकलावी. काठी पुढे उभी रोवून तिच्यावर रेलणे ही नवख्यांची नेहमीची चूक. मूठ घट्ट आवळू नये, बोटे लवकर दुखतात. सोबत करणाऱ्याने दंड धरू नये. अर्धे पाऊल मागे राहून चालावे.

एक इशारा देणे आवश्यक आहे. ज्यांचा तोल जातो, ज्यांना चक्कर येते किंवा ज्यांना डॉक्टरांनी आधाराची काठी अथवा वॉकर दिला आहे, त्यांनी तो सोडून या हलक्या काठ्या घेऊ नयेत. आधी डॉक्टरांना वा फिजिओथेरपिस्टना विचारावे. पडताना काठी हातात अडकून राहिली तर अंगठ्याच्या मुळाशी इजा होऊ शकते. स्की खेळणाऱ्यांत ही दुखापत इतकी नेहमीची की तिचे नावच ‘स्कीअर्स थंब’ पडले आहे. म्हणून पट्टा चटकन सुटणारा असावा.

आपल्याकडील उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वीच फिरणे उरकावे. गर्दीच्या पदपथापेक्षा बागेतील मातीची वाट उत्तम. दोन काठ्या पाहून गल्लीतील कुत्री प्रथम भुंकतील, ही तयारी ठेवावी. चपला नकोत, मागून टाच धरणारे बूट हवेत. मातीत काठीचे टोकदार लोखंडी टोक चांगले रुतते; डांबरावर व फरशीवर त्यावर रबरी टोपण चढवावे. रबर झिजून गुळगुळीत झाले की घसरते, तेव्हा दर महिन्यास उलटून पाहावे आणि वेळीच बदलावे.