मृगाआधीचा एक दिवस

पहाटे ५:००
जून लागला की मैदानावर जाताना आधी आभाळ बघायचं. परभणीची काळी माती. एक दमदार पाऊस झाला की बुटाला चिखलाचा गोळा चिकटतो नि चेंडू पडला तिथंच रुततो. मृग तोंडावर आलाय, म्हणजे हातात चारच दिवस. फक्की मारली, गोलची फाटकी जाळी सुतळीनं शिवली.

५:३०
क्लबच्या मोठ्यांचा फुटबॉल सराव. बावीस यायला हवेत, सतरा आले. दोघं पोलीस भरतीच्या मागं आहेत. ते कडेनं १६०० मीटर धावतात, चेंडूकडं बघत नाहीत. त्यांना काय बोलणार?

१०:३०
शाळा अजून उघडायची आहे, पण पीटीच्या मास्तराला सुट्टी कसली! शालेय फुटबॉलच्या सुब्रतो चषकासाठी जन्मदाखले तपासतोय. १९६० पासूनची स्पर्धा. जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय फेरी. दाखल्यावरची एक तारीख चुकली तरी सगळं मुसळ केरात.

दुपारी २:००
उन्हात बाहेर पाय ठेववत नाही. भाकरी खाऊन वही उघडली. चेंडू आठ, त्यातले तीन गळके. चौदाच्या आतली लेकरं एकतीस. मोठ्यांपेक्षा जास्त! आकडा दोनदा मोजला.

५:००
तीच एकतीस. निम्मी अनवाणी, चार पोरी. पास द्यायला शिकवतोय. सगळ्यांना गोलच मारायचाय.

७:३०
क्लबचे अध्यक्ष भाऊ, त्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात बैठक. चहा आला.
"सर, यंदा नांदेडहून तीन प्लेअर आणू. दिवाळीनंतरची टूर्नामेंट मारू."
"मारू की भाऊ. अन् पुढच्या वर्षी?"
भाऊ गप्प. मी गोव्याच्या धेंपो क्लबचं सांगितलं. प्रशिक्षक आर्मांदो कुलासोंना त्यांनी वर्षानुवर्षं हलवलं नाही. २००५ ते २०१२ मध्ये राष्ट्रीय लीग पाच वेळा जिंकली.
"त्यांच्याकडं खाणी होत्या सर. आपल्याकडं खिळे हायत."
"म्हणूनच लेकरं म्हणतोय. ती पैसा मागत नाहीत, वेळ मागतात."
भाऊ हसले. "जगात जर्मनी, भारतात परभणी!"
"तेच तर. २०२२ मध्ये राज्य सरकारनं जर्मनीच्या बायर्न म्युनिक क्लबशी करार केला. जिल्ह्यापासून स्पर्धा घ्यायची, निवडलेली वीस पोरं म्युनिकला शिकायला पाठवायची. जर्मनीवाल्यांनीबी चौदाच्या आतलीच मागितली, नांदेडचे तयार प्लेअर नाही."

८:४५
ठरलं. तीन वर्षं मी हलायचं नाही, त्यांनी चषक मागायचा नाही. यंदा बाहेरचा प्लेअर बंद. लहानग्यांसाठी चार नंबरचे दहा चेंडू. मी फुटबॉल महासंघाचं प्रशिक्षकाचं डी लायसन्स करायचं. सही कुणी केली नाही. वहीत तारीख घातली.

९:३०
ग्रुपवर टाकलं : उद्या ५:३०. बूट नसले तरी या.