हजार रुपयांची फी आणि सहा महिन्यांची मुदत

पाड्यांवर बैठकीला गेलो की एक वाक्य हमखास कानावर येते : “कोर्ट आपल्याला नाय परवडत, दादा.” खडी क्रशरची धूळ भातावर बसते, खाणीचा गाळ ओढ्यात उतरतो, तरी लोक सोसत राहतात. खर्चाची ही भीती आज अर्धीच खरी आहे. उरलेल्या अर्ध्या भागात आपल्यासारख्या हितचिंतकांचे काम आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पर्यावरणाच्या तंट्यांसाठी २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई मागायची नसेल तर अर्जाची फी १,००० रुपये. भरपाई मागितली तर रकमेच्या १ टक्का, पण किमान १,००० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी माफ आहे. वकील लावलाच पाहिजे असे नाही, स्वतः उभे राहून बाजू मांडता येते. वकील हवा असेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला तो मोफत मिळू शकतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जातीचा दाखला घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.

मग अडते कुठे? पहिली अडचण मुदतीची. नुकसानीचे कारण प्रथम घडल्यापासून ६ महिन्यांत अर्ज करावा लागतो. उशिराचे सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस मिळू शकतात. आमची बरीच कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. तेवढ्यातच सहा महिने सरतात! तलाठी, तहसीलदार यांच्याकडे अर्ज देत घालवलेला काळही घड्याळ थांबवत नाही. भरपाई आणि बिघडलेली जमीन-पाणी पूर्ववत करून घेण्यासाठी मात्र ५ वर्षांची मुदत आहे. एखाद्या प्रकल्पाला मिळालेल्या पर्यावरण मंजुरीविरुद्धचे अपील याच्या उलट, ३० दिवसांत करायचे असते.

दुसरी अडचण भाषेची. न्यायाधिकरणाचे कामकाज इंग्रजीत चालते. ग्रामसभेचा ठराव मराठीत, पंचनामा मराठीत, आणि माणसे घरी वारली किंवा कातकरी बोलणारी. भाषांतर, टायपिंग, झेरॉक्स, पुण्याच्या फेऱ्या आणि बुडालेली मजुरी, हा सगळा खर्च फीपेक्षा कितीतरी जास्त होतो.

एक खुलासा करायलाच हवा, कारण येथे गल्लत फार होते. २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे या न्यायाधिकरणाकडे जात नाहीत. त्यांची वाट ग्रामसभा, उपविभागीय समिती आणि जिल्हा समिती अशीच आहे. वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच्या कक्षेत नाही. पाणी, हवा, वनसंवर्धन, पर्यावरण संरक्षण आणि जैवविविधता या कायद्यांखालचे प्रश्न तेथे नेता येतात.

पाड्यावरच्या तरुणांना मी सध्या एवढेच सांगतो : ओढ्याचे पाणी ज्या दिवशी गढूळ दिसेल, त्याच दिवशी तारखेसह फोटो काढा, आणि वीटभट्टीला निघण्याआधी ग्रामसभेचा ठराव करून घ्या. आपल्या मंडळीत निवृत्त शिक्षक आहेत, इंग्रजी चांगले लिहिणारे आहेत, पुण्यात राहणारे आहेत. चार पानांचे भाषांतर किंवा तारखेच्या आदल्या रात्री दोन माणसांना मुक्कामाची जागा, एवढी मदत ज्यांना शक्य आहे त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे. पावसाळा जवळ आला आहे. भट्टीवरची माणसे लवकरच घरी परततील.