सर्व्हरला तुमचा पासवर्ड माहीत नसतो

“ताई, माझा जुना पासवर्ड काय होता तेवढा सांगा ना!” शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या पतसंस्था, शाळा, भातगिरण्या, पॅथॉलॉजी लॅब यांचे छोटे सर्व्हर मी सांभाळते. हा प्रश्न मला सगळीकडे विचारला जातो. मला माहीत नाही म्हटलं की समोरच्याला वाटतं, ही टाळतेय. कॉम्प्युटरवालीला सगळं दिसतं अशी पक्की समजूत आहे. नवा पासवर्ड मी बसवून देऊ शकते, जुना सांगू शकत नाही, कारण नीट बसवलेल्या सर्व्हरकडे तो नसतोच.

मग लॉगिन कसं होतं? तुम्ही पासवर्ड ठरवता तेव्हा सर्व्हर तो एका गणिती प्रक्रियेतून काढतो आणि बाहेर पडलेली अगम्य अक्षरांची माळ तेवढी ठेवतो. तिला हॅश म्हणतात. तांदळाचं पीठ होतं, पिठाचा तांदूळ होत नाही, तसंच हे. पुढच्या वेळी तुम्ही टाइप केलेला पासवर्ड पुन्हा त्याच प्रक्रियेतून जातो. दोन्ही माळा जुळल्या तर तुम्ही आत. म्हणून एखाद्या वेबसाइटने ‘पासवर्ड विसरलो’ म्हटल्यावर तुमचा जुनाच पासवर्ड एसएमएसने पाठवला, तर खूश होऊ नका. त्यांनी तो जसाच्या तसा, किंवा पुन्हा उलगडता येईल असा ठेवलाय.

सुरुवातीला सगळेच तसा ठेवायचे. 1966 साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या सामायिक संगणकावर दोन फाइलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांच्या पासवर्डांची यादी छापून आली. युनिक्सवाल्यांनी पुढे हॅशची पद्धत रुळवली. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी 1979 साली लिहिलेल्या लेखात हिशेब दिलाय: तपासलेल्या 3,289 पासवर्डांपैकी 2,831 एक तर फार छोटे होते किंवा शब्दकोशात वगैरे सहज सापडणारे होते. पीठ उलटं फिरवता येत नाही, पण चोर हजारो शब्द स्वतः दळून बघू शकतो! त्यावर त्यांचा उपाय म्हणजे ‘सॉल्ट’. प्रत्येक पासवर्डाला दळण्याआधी वेगळी यादृच्छिक अक्षरं जोडायची. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी हॅश वेगळे पडतात, आणि चोराला प्रत्येकासाठी मेहनत नव्याने करावी लागते. (आपल्या अनेक ऑफिसांत असलेल्या विंडोजचा स्थानिक खात्यांचा हॅश मात्र आजही सॉल्टशिवायच असतो.)

तरी एक भोक राहिलं होतं. हे हॅश ज्या फाइलीत असत ती कुणालाही वाचता येई. नोव्हेंबर 1988 मध्ये इंटरनेटवर सुटलेल्या पहिल्या मोठ्या किड्याने, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने, तीच फाइल वाचली आणि सोबत आणलेली 432 शब्दांची यादी लावून पाहिली. किडा सोडणारा मुलगा होता त्याच मॉरिसांचा! त्यानंतर हॅश ‘शॅडो’ नावाच्या वेगळ्या फाइलीत ठेवण्याची पद्धत सर्वत्र पसरली. ही फाइल फक्त सर्व्हरच्या मुख्य खात्याला वाचता येते.

एका संस्थेची लेखी परवानगी घेऊन मी तिथल्या शॅडो फाइलीवर असाच प्रयोग केला. परवानगी लेखीच घ्यावी, तोंडी होकारावर असली कामं करू नयेत. यादी इंग्रजी शब्दांची नव्हती, मी ती आपल्याच भागातली केली: माहुली, भातसा, तानसा, माळशेज, म्हसा, साईबाबा, गणपती. पुढे ‘@123’ किंवा जन्मसाल. चहा येईपर्यंत निम्म्याहून जास्त खाती उघडी पडली. मॅनेजरसाहेबांचा पासवर्ड म्हणजे त्यांचं गाव होतं. ते म्हणाले, “आमचं गाव अमेरिकेतल्या चोराला काय माहीत?” चोर अमेरिकेतलाच असतो हे यांना कुणी सांगितलं!

त्या फाइलीत मला आणखी एक गोष्ट दिसली, ती मला जास्त गंभीर वाटते. लिनक्सवर हॅशच्या सुरुवातीला डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये एक खूण असते. 1 असेल तर पद्धत एमडी-5 ची, 6 असेल तर एसएचए-512 ची, वाय असेल तर येसक्रिप्टची. एमडी-5 ची पद्धत 1994 च्या सुमाराची; ती लिहिणाऱ्या पौल-हेनिंग काम्प यांनीच 2012 मध्ये ती आता वापरू नका असं जाहीर केलं, कारण आजच्या ग्राफिक्स कार्डांपुढे ती फार वेगवान ठरते. इथे वेग हाच दोष. येसक्रिप्ट मुद्दाम संथ आहे आणि भरपूर मेमरी खाते. डेबियनने 2021 पासून ती नव्या पासवर्डांसाठी ठरवून टाकली. पण सर्व्हर अपडेट केला म्हणून जुन्या खात्यांचे हॅश बदलत नाहीत. बदलणार कसे? मूळ पासवर्ड सर्व्हरकडे नाहीच. माणसाने स्वतः पासवर्ड बदलला की मगच नवी पद्धत लागू होते. त्या संस्थेत सगळ्यात जुनं, एमडी-5 चं खातं सगळ्यात वरच्या माणसाचं होतं.

म्हणून दर तीन महिन्यांनी सगळ्यांना पासवर्ड बदलायला लावावा का? ऑडिटर तसं लिहून देतात. लिनक्सची मूळ मुदत 99,999 दिवसांची, म्हणजे सुमारे 274 वर्षांची. ती हास्यास्पद वाटते, पण माझा कल तिच्याकडेच आहे. सक्ती केली की लोक ‘मार्च’चं ‘जून’ करतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवतात. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनेही 2017 मध्ये कारणाशिवाय मुदत लावू नका असंच सांगितलं. पासवर्ड फुटल्याची शंका आली तर मात्र त्याच दिवशी बदला. चुकीचे प्रयत्न झाले की खातं थोडा वेळ बंद करण्याची सोय असते. लिनक्सवर ही सोय फेललॉक देतो; त्यात काही न बदलता ठेवलं तर पंधरा मिनिटांत तीन चुका झाल्यावर दहा मिनिटं बंद. ती मी लावते, पण मर्यादा थोडी वाढवून. नाहीतर एखादा खोडसाळ माणूस मुद्दाम चुका करून कॅशिअरला ऐन गर्दीत बाहेर ठेवू शकतो.

सगळ्यात मोठं दुर्लक्ष होतं ते नोकरी सोडून गेलेल्या माणसांच्या खात्यांकडे. मुरबाडच्या एमआयडीसीत चांगला पगार मिळाला की पोरं जातात, खातं तसंच राहतं. कुणी जागरूक असेल तर पासवर्ड ‘लॉक’ करतो. त्याने हॅशच्या आधी एक उद्गारचिन्ह लागतं, म्हणजे कुठलाही पासवर्ड जुळत नाही. पण त्या माणसाने आधीच लॅपटॉपवरून एसएसएच की, म्हणजे पासवर्डाऐवजी चालणारी डिजिटल किल्ली, बसवून ठेवली असेल, तर लिनक्सवर तो पासवर्डाशिवाय आत येऊ शकतो. म्हणून खात्याची मुदतच संपवावी लागते आणि की काढून टाकावी लागते. दोन आज्ञांचं काम आहे. मात्र चार जण मिळून एकच ‘अॅडमिन’ खातं वापरत असतील तर हेही करता येत नाही, कारण गेला कोण आणि राहिला कोण हे सर्व्हरला कळणारच नाही.

तुम्ही एखाद्या पतसंस्थेचे किंवा शाळेचे संचालक असाल, तर पुढच्या सभेत सर्व्हर बघणाऱ्याकडून सगळ्या खात्यांची यादी मागवा, हजेरीपटाशी ताडून पाहा आणि जास्तीची नावं त्याच दिवशी बंद करून घ्या.