म्हाताऱ्या यंत्राची दौड

घड्याळाचे काटे पुढे सरकवले म्हणून आगगाडी लवकर सुटत नाही. संगणकाचे मात्र उलटे आहे. त्याच्या पोटातले घड्याळ जलद केले की त्याचे काम खरोखरच लवकर आटोपते. या उद्योगाला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. तरुण मंडळी तो हौसेने करतात. मी साठी उलटल्यावर केला तो गरजेपोटी.

माझी पुतणी नागपुरात आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला आहे. इमारतीचा आराखडा काढून झाला, की ऊन-सावलीसकट तिचे चित्र संगणकाकडून रंगवून घ्यावे लागते. त्यासाठी आमच्या घरच्या संगणकाला एकेका दृश्यामागे दहा दहा तास लागत. नवा घ्यावा तर धाकट्या भावाची ऐपत नाही, आणि माझ्या निवृत्तिवेतनाचे हातपाय किती लांब असतात हे निवृत्तांना सांगायला नकोच. घरात होता तो २००८ साली घेतलेला, इंटेलच्या क्यू-६६०० या प्रोसेसरचा.

हा प्रोसेसर २००७ च्या जानेवारीत बाजारात आला. चार कोअर, चाल २.४ गिगाहर्ट्झ. ही चाल येते कुठून? मदरबोर्डावरचे मूळ घड्याळ सेकंदाला सुमारे २६६ दशलक्ष ठोके देते आणि प्रोसेसर त्याला ९ ने गुणतो. तो ९ चा आकडा वाढवता येत नाही. कारखान्याने त्याला कुलूप घातले आहे. पण २६६ चे ३३३ करणे मदरबोर्डाच्या हातात असते. नऊ गुणिले ३३३ म्हणजे जवळजवळ ३ गिगाहर्ट्झ. झाली सव्वापट चाल!

वाचक विचारतील, मग कारखानदाराने ही सव्वापट आधीच का दिली नाही? त्याचे असे आहे. सिलिकॉनच्या एकाच तबकडीतून कापलेल्या चिपा सगळ्या सारख्या निघत नाहीत. त्या तपासून त्यांच्यावर चालीचा शिक्का मारतात, आणि तो मारताना हात राखून मारतात. कारण चिप कोणाच्या कोंदट कॅबिनेटात जाईल, कोणत्या गावचा उन्हाळा सोसेल, हे कारखान्याला ठाऊक नसते. शिवाय बाजारात स्वस्त मालाला मागणी जास्त असली, की तगड्या चिपेवरही हलका शिक्का बसतो. १९९८ सालच्या सेलेरॉन ३००-ए या स्वस्त प्रोसेसरची कथा या मंडळींत पुराणासारखी सांगतात. चाल ३०० मेगाहर्ट्झ, गुणक साडेचार, मूळ घड्याळ ६६ चे. ते लोकांनी १०० वर नेले आणि बहुतेक चिपा बिनतक्रार ४५० वर धावू लागल्या. महागड्या पेन्टियमच्या तोडीचे काम गरिबाच्या पैशात!

मी आधी कॅबिनेट उघडून अठरा वर्षांची धूळ ब्लोअरने उडवली. कपॅसिटर फुगलेले नाहीत हे पाहिले. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट खडूसारखी कोरडी झाली होती. ती पुसून नवी लावली. पंख्याचे चार प्लॅस्टिकचे पाय बोर्डात नीट रुतवणे हे मात्र सुईत दोरा ओवण्याहून अवघड काम आहे. एक जरी पाय अर्धवट राहिला, की पंखा एका अंगाने उचलला जातो आणि उष्णता जिथल्या तिथे कोंडते. पुढचे सारे बायोसमधल्या आकड्यांचे काम. मी एकदम ३३३ वर उडी घेतली नाही. दहा दहाने चढत गेलो.

दुरुस्तीवाल्याचा सल्ला होता, “काका, व्होल्टेज थोडे चढवा, बिनधास्त पळेल.” ते थोडे किती महाग पडते ते पाहा. चाल वाढली की उष्णता त्याच प्रमाणात वाढते. पण व्होल्टेज वाढले की ती वर्गाच्या प्रमाणात वाढते. चाल सव्वापट आणि व्होल्टेज एकदशांशाने जास्त, म्हणजे १.२५ गुणिले १.२१; उष्णता दीडपट! नागपुरात राहून हा सौदा कोणी करावा? सुदैवाने आमची चिप नेमल्या व्होल्टेजवरच ३३३ ला टिकली.

खरी परीक्षा मेमरीची. मूळ घड्याळ वाढवले की मेमरीही सोबत पळू लागते. आमची मेमरी डीडीआर-२ जातीची, ८०० ची. २६६ ला ८०० हे प्रमाण तसेच ठेवून ३३३ केले, तर ती १००० वर जाईल आणि तोंडावर आपटेल. म्हणून आधी प्रमाण बदलून ती ८०० वरच धरली. मग तीही थोडी ताणून पाहावी म्हणून ८३३ केली. संगणक सुरू झाला, चित्रे उघडली, कुठे काही बिघडल्याचे चिन्ह नाही. तरी मी पेन ड्राइव्हवरून मेमरी तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर लावून ठेवला. पहाटे पाहतो तो पडद्यावर एक तांबडी ओळ. एका ठिकाणी एक बिट लिहिला होता तसा परत आला नव्हता.

पुतणी म्हणाली, “काका, चार जीबीमध्ये एकच बिट ना? त्याने काय होतंय?”

चार जीबी म्हणजे चौतीस अब्जांहून अधिक बिट. त्यातला एक चुकला आणि तो चित्रातला असला, तर भिंतीवरचा एक ठिपका थोडा काळसर होईल; कोणाला कळणारही नाही. पण तोच तिच्या वर्षभराच्या आराखड्याच्या फाइलीत नको तिथे पडला, तर सारी फाइलच उघडेनाशी होईल. बंद पडणारा संगणक परवडला; न बोलता चुकीचे लिहून ठेवणारा परवडत नाही. घरगुती संगणकाच्या या मेमरीत चूक ओळखण्याची सोय नसते. मी ८३३ चा नाद सोडून पुन्हा ८०० केले. दुसऱ्या रात्री तांबडी ओळ आली नाही, तिसऱ्याही रात्री नाही.

प्रोसेसरची परीक्षा प्राइम-९५ ने घेतली. हा प्रोग्रॅम मूळचा मोठमोठ्या मूळसंख्या शोधणाऱ्यांचा, १९९६ पासूनचा. उत्तर आधीच ठाऊक असलेली अवजड गणिते तो प्रोसेसरला घालतो आणि उत्तर ताडून पाहतो. बारा तास एकही गणित चुकले नाही. तेवढे होईपर्यंत पुतणीच्या फाइली मी त्या संगणकाला दाखवल्यासुद्धा नव्हत्या; एक प्रत वेगळ्या डिस्कवर घालून ती कपाटात ठेवली होती.

दहा तासांचे चित्र आता आठ तास दहा मिनिटांत होते. रात्री दहाला लावले की सकाळच्या चहापर्यंत तयार; आणि कॉलेजात नेण्याआधी दुरुस्तीला दोन तास हाती. मात्र चाल वाढवून म्हाताऱ्याला नवी विद्या येत नाही. हल्लीच्या ब्लेंडरला एसएसई ४.२ नावाच्या आज्ञा लागतात, त्या या प्रोसेसरात मुळातच नाहीत. ३ काय, ४ गिगाहर्ट्झ केले तरी नाहीत. तेव्हा तिला ब्लेंडरची जुनी आवृत्तीच वापरावी लागते. विंडोज ११ ची २०२४ ची आवृत्ती तर त्याच कारणाने इथे सुरूच होत नाही. आम्ही लिनक्स घातले आहे.

डिसेंबरात पूर्ण भार असताना पारा ५८ अंशांवर होता, मार्चअखेर ६९ वर गेला. एप्रिल लागताच मी मूळ घड्याळ पुन्हा २६६ वर आणले. पुतणी आठवडाभर फुगून होती. जुलैत पहिला दमदार पाऊस पडला त्या संध्याकाळी ती दारातूनच म्हणाली, “काका, गारवा आला. करायचे का ३३३?”

केले. पण त्या रात्री चित्र लावू दिले नाही. आधी मेमरीची चाचणी लावली.