शेवटच्या ट्रॉलीनंतरचा रायगड

रोडपालीच्या तळ्याकाठी सायंकाळी फिरावयास निघणाऱ्या आम्हा रहिवाशांच्या दफ्तरी जेवढे कागद असतील, मग ती शिधापत्रिका असो, वीजबिल असो वा मुलांच्या शाळेचा दाखला असो, त्यांवर तालुका पनवेल या शब्दांखाली जिल्हा रायगड हे शब्द इतक्या वेळा उमटलेले असतात, की त्या शब्दांमागे एक प्रत्यक्ष डोंगर उभा आहे याचेच विस्मरण व्हावे. 1981 साली जुन्या कुलाबा जिल्ह्याचे नामांतर झाले आणि ज्या गडावरून शिवाजी महाराजांच्या स्वराज्याचा कारभार चालला त्याचे नाव आमच्या पत्त्यात आले. कळंबोलीच्या लोखंड बाजाराकडे अहोरात्र धावणाऱ्या ट्रेलरांच्या आणि सिडकोच्या एकसारख्या इमारतींच्या या वस्तीपासून तो गड दीडशे किलोमीटरांच्या आसपास आहे. असे असूनही माझ्या शेजारपाजारच्या बहुतेक कुटुंबांनी तो पाहिला आहे तो एका दिवसात: पहाटे भाड्याची मोटार, दुपारी रोपवेच्या ट्रॉलीच्या रांगेत दोन तास, वर भर उन्हात राजसभा, बाजारपेठ आणि समाधी, आणि सायंकाळी परतीची घाई. एवढ्या श्रद्धेने गेलेली माणसे एवढ्या थोड्या अवकाशात परततात याची मला मनापासून हळहळ वाटते. कारण रायगड ही मुक्कामाची जागा आहे, आणि तो मुक्काम समजतो तितका खर्चाचा नाही.

गतवर्षी मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला मी आणि माझा भाचा असे दोघे निघालो ते सकाळच्या दिवा-सावंतवाडी पॅसेंजरने. पनवेलला गाडीत बसावे, आपटा, पेण, रोहा ही स्थानके मागे टाकीत माणगावला उतरावे आणि पुढे एसटीने महाड गाठावे, हा मार्ग वेळ खाणारा खरा, परंतु खिशाला त्याहून हलका दुसरा नाही. ज्यांच्यासमवेत बायामाणसे आणि वृद्ध आहेत त्यांनी पनवेलच्या स्थानकातून थेट महाडची एसटी धरावी हे बरे. 2023 पासून स्त्रियांना एसटीत निम्मे भाडे आहे आणि पंचाहत्तरी उलटलेल्यांना तर ते मुळीच नाही. महाडला पुढची गाडी मिळेपर्यंत जो अवधी हाती राहतो तो स्थानकाच्या बाकावर न घालवता चवदार तळ्यावर जावे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या पाण्याची ओंजळ घेतली, त्या पाण्याच्या पायऱ्यांवर घटकाभर बसून मग रायगडाकडे वळणे यात मला एक औचित्य वाटते. तेथून गडाच्या पायथ्याचे पाचाड सुमारे पंचवीस किलोमीटर.

रायगडाला पूर्वीपासून सूर्यास्ताची एक शिस्त आहे. दिवस मावळला की दरवाजे बंद, किल्ल्या हवालदाराच्या स्वाधीन, आणि मग आतला आत व बाहेरचा बाहेर. हिरकणीची कथा लहानपणी ऐकली नाही असे मराठी मूल विरळा. दूध घालावयास वर गेलेली गवळण, बंद झालेला दरवाजा, खाली घरी तान्हे मूल, आणि अंधारात उतरलेला तो कडा. ती कथा इतिहासाच्या कसोटीला किती उतरते हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिच्यात त्या शिस्तीची आठवण जिवंत राहिली आहे. आज दरवाजे बंद होत नाहीत. त्यांचे काम शेवटची ट्रॉली करते. 1996 साली रोपवे चालू झाला, ज्या चढणीला दीड-दोन तास आणि चौदाशेंहून अधिक पायऱ्या लागत ती चार-पाच मिनिटांत उरकू लागली, म्हातारीकोतारी माणसे समाधीपर्यंत पोहोचू लागली, आणि याबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. परंतु सायंकाळी ती शेवटची ट्रॉली खाली उतरली की सारी गर्दी तिच्याबरोबर उतरते.

वर राहू न शकलेल्यांत खुद्द जिजाऊसाहेबही होत्या. गडावरचा वारा आणि थंडी त्यांना वार्धक्यात मानवेना म्हणून पायथ्याशी पाचाडला त्यांच्यासाठी वाडा बांधला गेला. त्या वाड्याच्या पडक्या तटात आजही एक विहीर आहे. तिच्या काठी टेकून बसण्यासाठी दगडाचाच तक्क्या घडवलेला असल्यामुळे तिला तक्क्याची विहीर म्हणतात. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी, 17 जून 1674 रोजी, पाचाडातच त्यांचा देह पडला. ट्रॉलीच्या रांगेकडे धावणाऱ्या मोटारी त्यांच्या समाधीवरून वेगाने निघून जातात हे पाहून वाईट वाटते. मुक्कामाच्या तयारीने आलेल्याला येथे थांबावयास सवड असते.

1674 च्याच मे महिन्यात इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन मुंबईहून तहाची कलमे घेऊन आला तेव्हा महाराज प्रतापगडास देवीच्या दर्शनाला गेलेले होते; त्यामुळे त्याला पाचाडातच तळ देऊन थांबावे लागले. पुढे हुकूम झाल्यावर तो वर गेला आणि राजवाड्यापासून सुमारे मैलभर अंतरावर त्याला एक घर राहावयास मिळाले. सिंहासनाधिष्ठित राजाला मुजरा करून परतताना दरवाजाशी उभे असलेले हत्ती आणि घोडे पाहून, इतक्या बिकट वाटेने ही जनावरे वर आली तरी कशी, या विचाराने तो थक्क झाला. फ्रायर या तत्कालीन इंग्रज प्रवाशाच्या प्रवासवृत्तात तर असेही आहे, की या इंग्रज मंडळींना मांस पुरवणाऱ्या खाटकाची या एका महिन्यात जेवढी विक्री झाली तेवढी त्याआधी कित्येक वर्षांत झाली नव्हती. गडावरच्या पाहुण्याच्या जेवणाखाणाची इतकी बारीक हकिकत लिहून राहिलेली पाहिली म्हणजे आपणही त्याच परंपरेतले एक किरकोळ पाहुणे आहोत असे वाटू लागते.

आम्ही पायऱ्यांनीच चढलो. चित दरवाजापाशी तीन वाजले होते. दगडाचे टप्पे, मध्येच लिंबू-सरबत आणि ताक घेऊन बसलेल्या बायका, खालून वर येणारी गवताची ऊब, आणि मग एका वळणावर दोन प्रचंड बुरुजांच्या मिठीत लपलेला महादरवाजा, जो अगदी समोर येईपर्यंत दिसत नाही. आत पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. तेथे पाठ टेकून आम्ही पाणी प्यालो. हत्ती तलाव ओलांडून गंगासागराशी पोहोचलो तेव्हा मनोऱ्यांच्या सावल्या पाण्यात लांब पडल्या होत्या आणि खाली उतरणारांची धांदल उडाली होती. एक गृहस्थ मुलाला ओढीत म्हणत होते, "चल, चल, शेवटची ट्रॉली चुकेल!" मुलगा मात्र तळ्यात खडे टाकीत होता.

मुक्कामाचे मार्ग तीन. रोपवेच्या व्यवस्थेतल्या खोल्या आहेत, त्या सोयीच्या पण त्या मानाने महाग. पायथ्याशी पाचाड आणि हिरकणीवाडीच्या परिसरात साध्या खोल्या आणि घरगुती खाणावळी आहेत, त्या मध्यमवर्गीय कुटुंबाला परवडणाऱ्या. आणि तिसरा मार्ग गडावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या धनगर कुटुंबांच्या ओसरीचा. गड केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, मुक्कामाविषयीचे हुकूम वेळोवेळी बदलतात, म्हणून वर निघण्यापूर्वी पाचाडात नीट चौकशी करून, मिळेल त्या अनुज्ञेप्रमाणेच वागावे. वर मनाई असेल तर पायथ्याशी झोपून भल्या पहाटे चढावे. कोणत्याही परिस्थितीत जुन्या वास्तूंत पथारी पसरू नये आणि चूल तर मांडूच नये. ज्या भिंती तोफांच्या आगीतून वाचल्या त्या आपल्या धुराने काळ्या कराव्यात हे कोणाही रायगडप्रेमी माणसाला शोभणारे नाही.

आम्हाला ज्यांच्या घरी आसरा मिळाला त्या मावशी आमच्याआधी चार जणांना पिठले वाढीत होत्या. घर बुटके, पत्र्यावर वाऱ्यासाठी धोंडे ठेवलेले, आत शेणाने सारवलेली जमीन. माझ्या भाच्याने भाव विचारण्यास तोंड उघडताच त्या म्हणाल्या, "आधी हात धुवा बाबा, भाकरी गार व्हतीय." चुलीतला निखारा पुढे ओढून त्यावर भाकरी उभी धरली, ती फुगली, तिचा पापुद्रा हलकेच सुटला, त्यावर पिठल्याचा गोळा आणि बाजूला ठेचा. रोडपालीला आम्ही पिठले गॅसवर करतो. त्यात सर्व जिन्नस असतात, परंतु धुराचा तो वास नसतो. रात्री अंथरुणाच्या वेळी मावशींनी दोन घोंगड्या आणून टाकल्या. "एक अंगाखाली घ्या, एक वर. पहाटचा गारठा लई हाय." सकाळी जी रक्कम त्यांनी सांगितली ती शहरातल्या एका वेळच्या जेवणाहून फार अधिक नव्हती. अशा ठिकाणी घासाघीस करू नये, आणि जमल्यास घरून तांदूळ, डाळ, साखर असा थोडा शिधा न्यावा. वरच्या घरात येणारी प्रत्येक वस्तू तो डोंगर चढून आलेली असते.

जेवण झाल्यावर मावशींच्या मुलाबरोबर आम्ही होळीच्या माळापर्यंत गेलो. चांदणे इतके स्वच्छ की शिरकाईच्या देवळाची कड डोळ्यांना वेगळी दिसत होती. समोर बाजारपेठ: बावीस-बावीस गाळ्यांच्या दोन समोरासमोर रांगा, उंच जोती, मधून सरळ रस्ता. दिवसा या जोत्यांवर चढून माणसे छायाचित्रे काढतात आणि घोड्यावर बसून खरेदी करता यावी म्हणून ती उंच बांधली ही गोष्ट पुन:पुन्हा सांगतात. मला स्वतःला त्या गोष्टीपेक्षा त्या रस्त्याची रेषा अधिक बोलकी वाटते. डोंगरमाथ्यावर, जेथे पाण्याचा घडासुद्धा जपून वापरावा लागे, तेथे कोणा एका माणसाने इतकी सरळ, इतकी रुंद पेठ आखली, यात त्या राज्याची सारी आकांक्षा आहे. वारा सुटला की गाळ्यांतून त्याचा आवाज येई आणि थांबला की दूर खाली, काळ आणि गांधारी नद्यांच्या खोऱ्यांत, एखादे कुत्रे भुंकलेले ऐकू येई. 1818 च्या मे महिन्यात समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून इंग्रजांनी तोफा डागल्या, वाड्यांना आग लागली आणि 10 तारखेला गड पडला. ती आग खोऱ्यातल्या गावांतून दिसली असेल तेव्हा तेथल्या माणसांना काय वाटले असेल, हा प्रश्न मला त्या माळावर प्रथमच पडला. दिवसा येऊन मी हा गड पूर्वी चार वेळा पाहिला होता.

पहाटे पाचाच्या सुमारास जगदीश्वराकडे निघालो. हा गड ज्याने बांधला त्या हिरोजी इंदुलकराचे नाव देवळाच्या पायरीवर कोरलेले आहे. दर्शनाला येणाऱ्या महाराजांची पायधूळ आपल्या नावावर पडावी एवढेच त्याने मागितले अशी परंपरा आहे. दिवसा, शेकडो चपला आणि पावलांच्या गर्दीत, ती अक्षरे मला कधी धड वाचता आली नव्हती. भाच्याने विजेरीचा झोत जमिनीसरसा आडवा धरला आणि प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली भरली; मग बोटाने ती एकेक करून वाचली. दगड दवाने ओला होता.

समोर समाधी. 3 एप्रिल 1680 रोजी महाराज गेले, त्यानंतरच्या दोन शतकांत हिची काय दशा झाली ते आठवले की मन विषण्ण होते. 1883 मध्ये जेम्स डग्लस नावाच्या इंग्रज ग्रंथकाराने तिच्या दुरवस्थेबद्दल लिहिले, आणि त्यावर सरकारने देखभालीसाठी मंजूर केलेली रक्कम होती सालीना पाच रुपये. पुढे लोकमान्य टिळकांनी 1895 साली निधीची हाक दिली, पैपैशाने वर्गणी जमली, 1896 साली या माथ्यावर उत्सव झाला, आणि समाधीचा जीर्णोद्धार पूर्ण व्हावयास 1926 साल उजाडले. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला त्यांत रायगड आहे. या मानाचा मला आनंद आहे. परंतु शाळेच्या मुलांनी, कारकुनांनी, शेतकऱ्यांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून दिलेल्या त्या वर्गणीचे मोल त्याहून तसूभरही कमी नाही, असे मी त्या कट्ट्याशी उभा असताना भाच्याला सांगितले.

तेथून पूर्वेकडे भवानी टोकाच्या दिशेने थोडे गेले की सह्याद्रीची भिंत समोर येते. आधी काहीच नव्हते, नुसते धुके. मग त्यातून लिंगाण्याचा सुळका वर निघाला, त्याच्या मागे आकाश तांबूस झाले, आणि स्वच्छ दिवशी दिसणारे राजगड-तोरण्याचे माथे एकेक करून जागच्या जागी आले. महाराजांची पहिली राजधानी राजगड, आणि तेथून रायगडापर्यंतचा सारा मुलूख, ज्या क्रमाने घडला त्याच क्रमाने उजळत होता. आम्ही दोघे बोललो नाही. परतताना नगारखान्यातून राजसभेत शिरलो तेव्हा तेथे कोणी नव्हते. भाचा नगारखान्यापाशी थांबला, मी सिंहासनाच्या बाजूला गेलो; दोहोंत दोनशे फुटांहून अधिक अंतर. त्याने कागदाचा कपटा हातात चुरगाळला तो आवाज मला स्पष्ट ऐकू आला. दिवसा हा प्रयोग करणाऱ्यांची इतकी गर्दी असते की कोणाचाच आवाज कोणाला पोहोचत नाही.

एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते. राज्याभिषेकदिनी, म्हणजे 6 जूनला किंवा ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, आणि चैत्री पौर्णिमेच्या पुण्यतिथीला गडावर अलोट जनसमुदाय लोटतो. तो सोहळा जन्मात एकदा पाहावाच, परंतु मुक्कामासाठी ते दिवस निवडू नयेत. मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. गरम कपडे, विजेरी, पाण्याची बाटली आणि आपला कचरा खाली आणण्यासाठी एक पिशवी, इतके सामान पुरे.

नऊच्या सुमारास उतरावयास लागलो तेव्हा पहिली ट्रॉली वर येत होती. मावशींनी निघताना दोन भाकऱ्या आणि ठेचा कागदात बांधून दिला होता. ते आम्ही पाचाडला, तक्क्याच्या विहिरीच्या काठावर बसून खाल्ले. महाडच्या गाडीला अद्याप अवकाश होता. भाच्याने त्या दगडी तक्क्याला पाठ टेकून पाहिली, मग काय वाटले कोण जाणे, लगबगीने उठला आणि खाली जमिनीवर बसला.