वर्णभेदाची गोष्ट (लेखांक ९) : ज्यूरीच्या यादीतली लाल रेघ

मागच्या लेखात आपण १८९६च्या प्लेसी खटल्यापाशी थांबलो होतो. ‘वेगळे, पण समान’ या तत्त्वावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं आणि दक्षिणेतलं सगळं सार्वजनिक जीवन दोन भागांत वाटलं गेलं. आज त्याच दक्षिणेतल्या एका कोर्टात जाऊ. तशा कोर्टाची ओळख बहुतेकांना एका कादंबरीतून झालेली असते. हार्पर ली यांची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ १९६० साली आली, पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर मिळालं, १९६२च्या चित्रपटात ग्रेगरी पेकनं ॲटिकस फिंच उभा केला. बलात्काराच्या खोट्या आरोपात अडकलेल्या काळ्या टॉम रॉबिन्सनचं वकीलपत्र घेणारा हा गोरा वकील तेव्हापासून जगभरच्या वाचकांचा लाडका आहे.

कादंबरी घडते १९३०च्या दशकातल्या अलाबामात. त्याच अलाबामात, त्याच दशकात स्कॉट्सबरोचा खटला गाजत होता. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचण्याचा मोह अनेकांना झाला आहे. आपल्या मनात याहून कमी गाजलेली घटना होती, असं ली यांनी पुढे सांगितलं होतं. तरीही तुलना करायलाच हवी. कादंबरीत काय आलं यापेक्षा काय आलं नाही, ते या तुलनेतून कळतं.

२५ मार्च १९३१. चॅटनुगाहून मेम्फिसकडे निघालेल्या मालगाडीत फुकट प्रवास करणारी बेकार पोरं होती. मंदीचा काळ, काम शोधत असं गाडीवर चढणं नेहमीचंच. गोऱ्या आणि काळ्या पोरांत मारामारी झाली, गोऱ्यांना गाडीतून उतरवलं गेलं. त्यांनी तक्रार केली. पेंट रॉक या स्टेशनवर बंदूकधारी जमावानं गाडी अडवली आणि नऊ काळी मुलं पकडली. सगळ्यात धाकटा जेमतेम तेरा वर्षांचा. एकाला धड दिसत नव्हतं, एक गुप्तरोगानं इतका खंगलेला की काठीशिवाय चालणं कठीण. त्याच गाडीत व्हिक्टोरिया प्राइस आणि रूबी बेट्स या कापडगिरणीत काम करणाऱ्या दोन गोऱ्या तरुणी सापडल्या. या नऊ जणांनी आपल्यावर बलात्कार केला, असं त्यांनी सांगितलं.

त्यानंतरचा वेग बघा. ६ एप्रिलला स्कॉट्सबरो गावात खटले सुरू झाले, ९ एप्रिलपर्यंत आठ जणांना देहदंडाची शिक्षा! बचावाला दोन वकील : एक चॅटनुगाहून आलेला, जमीनजुमल्याची कामं करणारा, दुसरा सत्तरीला टेकलेला. बाहेर हजारोंचा जमाव आणि तो आवरायला नॅशनल गार्डचे सैनिक. धाकट्या रॉय राइटचं वय पाहून सरकारी वकिलानंच जन्मठेप मागितली होती. ज्यूरीतले अकरा जण मात्र देहदंडावर अडून बसले, म्हणून त्याचा खटला अनिर्णित राहिला.

इथून पुढे जे घडलं, त्याला कादंबरीत जागा नाही. कम्युनिस्टांशी जोडलेल्या ‘इंटरनॅशनल लेबर डिफेन्स’नं खटला हाती घेतला. मुलांच्या आया सभांमधून बोलू लागल्या. रॉय आणि अँडी या राइट भावांची आई एडा राइट १९३२ मध्ये युरोपभर हिंडून आली. नोव्हेंबर १९३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केल्या : देहदंडाच्या खटल्यात आरोपीला नावापुरता वकील देऊन भागत नाही.

फेरखटला डिकेटरला झाला. बचावाला न्यूयॉर्कचे सॅम्युएल लाइबोविट्झ होते. रूबी बेट्सनं कोर्टात येऊन सांगितलं, की बलात्कार झालाच नव्हता. तरीही ज्यूरीनं हेवूड पॅटरसनला पुन्हा देहदंड सुनावला. ॲटिकसचा खरा भाऊबंद शोधायचा तर तो इथे सापडतो, पण तो वकील नव्हे, न्यायाधीश. जेम्स हॉर्टन यांनी पुरावा तपासून जून १९३३ मध्ये ज्यूरीचा निर्णय रद्द केला. पुढच्या वर्षी ते निवडणूक हरले आणि त्यांची न्यायाधीशाची कारकीर्द संपली.

मला या सगळ्यात सर्वांत बोलकी वाटते ती ज्यूरीची यादी. (आपल्याकडे ज्यूरी म्हटलं की नानावटी खटला आठवतो, अमेरिकेत मात्र ज्यूरीपुढे खटले आजही चालतात.) काळ्यांना ज्यूरीतून वगळणारा कायदा करता येणार नाही, हे १८८० सालीच ठरलेलं होतं. म्हणून अलाबामात तसा कायदा नव्हता. यादी करणारे अधिकारी फक्त काळ्यांची नावं लिहीत नसत. लायक कोणी सापडलं नाही, हे त्यांचं उत्तर. लाइबोविट्झनी कृष्णवर्णीय डॉक्टर, शिक्षक, व्यावसायिक साक्षीला उभे केले. मग स्कॉट्सबरो ज्या जॅक्सन कौंटीत येतं, तिथल्या ज्यूरीच्या वहीत काही काळी नावं ‘सापडली’! पण ती नंतर घुसडलेली होती. यादी बंद करताना ओढलेल्या लाल रेघेवर ती लिहिली गेली होती. लाइबोविट्झनी ती वही भिंगासकट सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवली आणि न्यायमूर्तींनी एकामागून एक ती निरखून पाहिली. हॉर्टन यांच्यानंतर पुन्हा खटले चालून शिक्षा झाल्या होत्या, १ एप्रिल १९३५ रोजी त्याही रद्द झाल्या.

‘मॉकिंगबर्ड’मध्ये ज्यूरीवर बायका का नसतात, याबद्दल ॲटिकस मुलांशी बोलतो. काळी माणसं का नसतात, हा प्रश्न त्या गप्पांत येत नाही. काळी माणसं तिथे वरच्या सज्ज्यात बसून खटला पाहतात आणि ॲटिकस बाहेर पडताना आदरानं उभी राहतात. कादंबरी सुंदर आहे, ॲटिकसची शाळकरी मुलगी स्काउट हिच्या नजरेतून ती अन्याय दाखवते, हे मान्य. पण अन्याय बारा माणसांच्या मनात असतो आणि न्याय एका सज्जनाच्या मनात, अशी समजूत ती मागे ठेवते. स्कॉट्सबरोत अन्याय कचेरीतल्या वहीत होता. तो उघडा पडला तो सभांमधून बोलणाऱ्या आयांमुळे, वर्गणीमुळे, मोर्च्यांमुळे आणि चिवट वकिलांमुळे. २०१५ मध्ये ‘गो सेट अ वॉचमन’ हा ली यांचा जुना खर्डा छापला गेला आणि त्यातला म्हातारा ॲटिकस वर्णभेद टिकवू पाहणाऱ्यांच्या सभेत बसलेला दिसला, तेव्हा वाचकांना धक्का बसला. अलाबामातल्या त्या काळच्या गोऱ्या वकिलांत मला हाच ॲटिकस अधिक खरा वाटतो.

नऊ जणांपैकी कोणाचाही देहदंड अखेर अमलात आला नाही, पण सुटकाही सरळ झाली नाही, खटले पुन्हा चालत राहिले. १९३७ मध्ये चौघांवरचे आरोप मागे घेतले गेले. पॅटरसन १९४८ मध्ये तुरुंगातून पळाला. अँडी राइट १९५० मध्ये बाहेर आला, तो सगळ्यांत शेवटचा. क्लॅरेन्स नॉरिसला १९७६ मध्ये माफी मिळाली. पॅटरसन, अँडी राइट आणि चार्ली वीम्स यांना अलाबामानं माफी दिली ती २१ नोव्हेंबर २०१३ रोजी. तोवर तिघेही हयात नव्हते.

पुढच्या लेखात माँटगोमेरीच्या बसमध्ये चढू. रोझा पार्क्स यांच्या आधी नऊ महिने तिथे जागा सोडायला नकार देणाऱ्या पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कॉल्व्हिनपासून सुरुवात करायची आहे.